पाटीवर नसलेला प्रश्न

लोक भेटायला येतात, पाय धुतात, बसतात, आणि थोड्या वेळानं सगळे एकच विचारतात, "शेवटी काई बोलले काय?" मी मान हलवते. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. मला तरी कुठं ठरवता आलंय?

ओठ हलले तुमचे, एवढं खरं. आवाज नव्हता. आवाज दिवाळीच्या आधीच गेला होता. गळ्यात काहीतरी वाढत गेलं, आणि खामगावच्या डॉक्टरानं तपासून माझ्याकडं न बघताच आपली पिशवी आवरली. ज्या माणसानं तोंड उघडलं की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची माणसं माना वळवायची, त्याला घोटभर पाण्यासाठी पितळी वाजवावी लागली. मग मी तुमच्या ओठांवरून ओळखायला शिकले. पाणी. उशी. खिडकी लाव. त्या बाईला म्हणावं आता पुरे, घरी जा (हे शेजारणीसाठी). ओठ हलले की मी ते मोठ्यानं बोलून दाखवायची आणि तुम्ही डोळे मिटून होकार द्यायचा. एकदा मी म्हटलं, "घ्या, तुमचं काम माह्याकडं आलं. मुका शिनेमा तुमचा, अन सांगनारी मी." तुम्ही हसलात. हसण्यानं ठसका लागला आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या, पण हसलात.

शेवटचं तेवढं मात्र मला ओळखता आलं नाही. मी पायाशी होते, तळवे चोळत. उशाशी तुमची थोरली बहीण होती. द्वारकाबाई आदल्या दिवशीच उंद्रीहून आल्या होत्या, आणि त्यांना म्हणे सगळं स्पष्ट कळलं. "कौतिका म्हनला तो," त्या येईल त्याला सांगतात. "माह्या डोयानं पाह्यलं. न्यायले आली होती त्याले, अन घेऊन गेली."

कौतिका तुमची पहिली बायको. मी दुसरी. आणि उद्या तेराव्याला माझ्याजवळचा कौतिकाचा चांदीचा टाक नदीत सोडायचा, असं द्वारकाबाईंनी ठरवून टाकलं आहे. म्हणजे तुम्ही दोघं एका जागी व्हाल, कुणी कुणाला शोधत फिरणार नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. घरातली माणसं जेवून जरा आडवी झाली आहेत, म्हणून वही घेऊन तुमच्याशी बोलायला बसले. नाव घेऊन हाक मारायची सोय जन्मभर नव्हती, ती आता कशाला मोडू? तुम्ही म्हणजे तुम्हीच.

तुम्हाला मी आधी पाहिलं नाही, ऐकलं. आपल्या पिंपळगावच्या बाजारतळावर कादरशेठचा तंबू लागला होता. कापूस घरात आला की तो यायचा. मधे दोरी बांधलेली, अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये. वडील जाऊन वर्ष झालं होतं, तरी आई हसत नव्हती की रडत नव्हती, म्हणून शेजारणीनं तिला ओढत आणलं आणि तिच्याबरोबर मला. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती. मधूनच हिंदी अक्षरांची पाटी यायची, ती वाचता येणारी माणसं गावात बोटावर मोजण्याइतकी. आणि पडद्याच्या कडेला स्टुलावर बसून तुम्ही सगळ्यांचं बोलत होतात. राजाचं, चोराचं, सासूचं, घोड्याचंसुद्धा.

त्या दिवशी भुताचा खेळ होता. एका माणसाची बायको मेलेली. तो मोठ्या घरात एकटा बसलेला. खिडकीत ती येऊन उभी राहते, पांढरं लुगडं, मोकळे केस, तोंडाला पीठ फासल्यासारखं. पोट्टे आयांच्या पदराखाली शिरले. तिचे ओठ हलले आणि पाटी आली, मी तुला न्यायला आले आहे. मी ती वाचली आणि माझ्याही अंगावर काटा आला. आता तुम्ही केवढ्यानं ओरडणार म्हणून मी कानावर हात नेले.

तुम्ही ओरडला नाहीत. थोडं थांबून, दाराआडून कुणी विचारावं तसं म्हणालात, "अवो, जेवले काय जी?"

 मग माझ्या शेजारच्या बाईनं नाक ओढलं. तिच्या पलीकडची हुंदका देऊन रडली. बघता बघता दोरीच्या दोन्ही बाजूंना माणसं डोळे पुसायला लागली, आणि माझी आई, जी वडिलांच्या मयताला दगडासारखी बसली होती, ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून पोटभर रडली. तुम्ही माझ्या आईला रडवलंत, याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज दाखवते.

कादरशेठ मात्र भडकला होता. "अरे मियां, लोग डरने आते हैं, रोने नहीं!" खेळ सुटल्यावर तो तुमच्यावर ओरडत होता आणि तुम्ही खाली मान घालून स्टूल उचलत होता. मी मास्तरची पोर, अमरावतीला मास्तरणीची परीक्षा द्यायची तयारी करत होते. डोक्यात शहाणपण मावत नव्हतं. सरळ पुढं गेले.

"पाटीवर तसं नव्हतं."

"काय होतं मंग?"

"मी तुला न्यायला आले आहे, असं होतं."

"मालूम हाये. मलेबी वाचता येते."

"मग खोटं काऊन सांगितलं?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "न्यायले कायले येईन ते, बाई? घरचं मानूस जेवलं का उपाशी हाये, हे पाहाले आली." आणि स्टूल घेऊन गेलात. दुसऱ्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कादरशेठ सगळ्यांना सांगत होता की हे आपल्याच डोक्यातून निघालं.

माझ्या पत्रिकेत मंगळ. तोही साधासुधा नाही, जोशीबुवानं पत्रिका पाहून लगेच गुंडाळून ठेवावी असा. तेव्हा बिजवराशिवाय दुसरा कोण मिळणार होता? पण बाकीचे बिजवर आले तेव्हा मी आजारी पडायची, आणि तुमचं नाव निघालं तेव्हा स्वयंपाकघरातून मीच हो म्हटलं. आई म्हणाली, "आवाजानं पोट भरते काय?" मी म्हटलं, भरेल. कधी भरलं, कधी नाही, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. मंगळाची बाई नवऱ्याला खाते म्हणतात. परवा ओसरीवर तेही कुणीतरी हलक्या आवाजात बोललं. इतक्या वर्षांनी खाल्लं म्हणजे माझा मंगळ बराच मंद असला पाहिजे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या मंगळसूत्रात टाक ओवला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाई, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. "हे तुही मोठी बहीन," त्या म्हणाल्या. "रोज पहिलं कुंकू हिले, मंग तुले. म्हन्जे राग धरनार नाई." आपल्याकडं ही रीतच. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला गळ्यात वागवायचं. मी परीक्षा पास झालेली, मुलींच्या शाळेवर नेमणूक झालेली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी घरात आल्या आल्या ऐकवलं. तुम्ही ओट्यावर विडी ओढत होतात. तिथूनच म्हणालात, "मनात नसंन तं नको घालू. पन तिले भूत म्हनू नको."

मी घातला. तुमच्या आवाजासाठी घातला, तिच्यासाठी नाही. शाळेत पोरी विचारायच्या, "बाई, हे कोन?" मी म्हणायची, "आमच्या घरची."

ती कशी गेली, ते सासूबाईंनी सांगितलं. तुम्ही तंबूबरोबर सोनाळ्याला होतात. इकडं तिला ताप भरला. निरोप पोचून तुम्ही येईतो उशीर झाला. एरवी तुम्ही खेळ आटपून आलात की कडी काढायच्या आधी ती आतूनच विचारायची, जेवले काय जी? त्या दिवशी दार सताड उघडं होतं, घर माणसांनी भरलेलं होतं, आणि कुणीच काही विचारलं नाही. हे ऐकलं तेव्हा मी भाकरी थापत होते. त्या खिडकीतल्या बाईचे ओठ हलताना तुम्हाला काय ऐकू आलं असेल, ते मला तेव्हा समजलं. आणि खरं सांगते, त्याच क्षणी मला तिचा हेवा वाटला. जिवंत सवत असती तर भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या, मग दोघींनी मिळून तुमची निंदा केली असती. ही तर चांदीची.

लग्नानंतरच्या आठवड्यात तुम्ही बाहेरून आलात आणि माझ्या तोंडून सहज निघालं, "जेवले..." सासूबाईंचा हात वरणाच्या भांड्यावर थांबला. तुम्ही एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवून तसेच उभे राहिलात. मी शब्द गिळला आणि म्हटलं, "ताट घेऊ?"

तेव्हापासून जन्मभर मी त्या प्रश्नाला वळसा घातला. ताट घेऊ? हात धुता काय? भाकरी गरम हाये. भूक नसंन तं दूध देतो. किती वाटा काढल्या असतील! गावात एकमेकांना रस्त्यात भेटलं की लोक जो प्रश्न विचारतात, भिकाऱ्यालाही विचारतात, तो आपल्या घरात कुणी कुणाला विचारत नव्हतं. तुम्हीही मला कधी विचारलं नाही. शाळेतून मी दमून यायची, तुम्ही माठातलं पाणी काढून ठेवलेलं असायचं, चपला उन्हातून सावलीत सारलेल्या असायच्या. माया होती. पण विचारलं नाही. तो प्रश्न तिचा होता आणि आपण दोघांनी तो तिच्या नावानं झाकून ठेवला होता. मूलबाळ असतं तर त्यानं रडून, हट्ट करून तो आपल्याकडून वदवून घेतला असता. ते झालं नाही.

मग बोलपट आले. पडद्यावरची माणसं स्वतःच बोलायला लागली, तीही इतकी की थांबेनात. कादरशेठनं खामगावला सरकीच्या एका जुन्या शेडमध्ये बस्तान मांडलं. तुम्हाला त्यानं सोडलं नाही, एवढं त्याचं मन मोठं. सकाळी दमणीत, म्हणजे त्याच्या छोट्या बैलगाडीत बसून, ढोल वाजवत, खेळाची जाहिरात ओरडायची आणि दुपारपासून दारावर उभं राहायचं. तुम्ही कुरकुरला नाहीत. पण खेळ चालू असताना पडद्याच्या कडेला जिथं पूर्वी स्टूल असे, तिथं तुम्ही बघायचा. दारावरून ती जागा सरळ दिसायची.

त्याच दमणीतून तुम्ही माझ्या शाळेसाठी काय केलंत ते मी अजून लोकांना सांगते. पोरी येईनात, वरून साहेब तपासणीला यायचे. शाळा बंद करतील या चिंतेनं मी झुरत होते. एका बाजाराच्या दिवशी वर्गात बसले होते, तर बाहेर ढोल. "चला हो चला! मास्तरीनबाईच्या शायेत नवा खेय! बाराखडी! इंटरवल नाई, तिकीट नाई! पोरी घेऊन या, पोरं घरी ठेवा!" मी शरमेनं खिडकी लावून घेतली. संध्याकाळी तुम्हाला बोल लावले. पुढच्या आठवड्यात पोरींना बसायला फळ्या कमी पडल्या. माझं एवढं काम या गावात झालं, त्याला तुमचा गळा कारण आहे, आणि तोच गळा तुमच्या मुळावर आला. देवाला दुसरी जागा सापडली नाही.

आपलं खरं भांडण झालं ते त्या शेडमधल्या भुताच्या बोलपटावरून. रविवारी दुपारी फक्त बायकांचा खेळ असायचा. मी पिंपळगावाहून शाळेतल्या पंतोजीणबाईंना घेऊन आले होते. गोष्ट अशी की पहिली बायको मरते, नवरा दुसरं लग्न करतो, आणि नवी नवरी आरशासमोर बसली की पहिली तिच्या मागं येऊन उभी राहते. ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा सगळ्या शेडभर बांगड्या वाजल्या. मी दचकून पाहिलं. जितक्या दुसरेपणावरच्या बाया होत्या, तितक्यांचे हात एकदम गळ्यातल्या टाकावर गेले होते. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तर उठून उभीच राहिली आणि पडद्याला हात जोडून ओरडली, "अवो माय, राग नको धरू! रोज कुंकू लावतो तुले!" कुणी हसलं नाही. माझाही हात टाकावर होता, परीक्षा पास झालेला.

शेवटी मांत्रिक आला. त्यानं तिला लिंबात उतरवलं, खिळे ठोकले, ती किंचाळली आणि गेली. नवरा नव्या नवरीला जवळ घेतो. बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत. आणि वळून पाहिलं तर दाराच्या पडद्याशी तुम्ही उभे होतात, माझ्याकडं बघत.

पंतोजीणबाई खामगावलाच नातेवाइकांकडं राहिल्या, परतताना दमणीत आपण दोघंच. गाव मागं पडल्यावर तुम्ही विषय काढलात.

"टाळ्या वाजवल्या तुनं."

"वाजवल्या. काऊन नाई वाजवाच्या?"

"त्याची बायको गेली, अन लोक टाळ्या वाजवून राह्यले."

"एक गेली. एक घरात उरली ना? आरशासमोर बसली होती ते. तिचं कोनी पाह्यलं काय?"

"तिले कोनी घरातून काहाडलं नाई."

"अन ठेवलं काय?"

तुम्ही बैलांचा कासरा ओढलात. तुम्ही उत्तर दिलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. पण भांडण मिटलं नाही, निमित्त सापडलं की उकरून निघायचं. तुमचं म्हणणं, भुताच्या खेळात भूत नसतंच. कुणाला तरी कुणाची आठवण येते, आणि ते बघवत नाही म्हणून लोक तिला पांढरं लुगडं नेसवतात आणि लिंबू कापतात. माझं म्हणणं, गेलेल्यानं जावं. सगळी माया मेलेलीनं नेली तर जितीनं काय चाटावं? तुम्ही म्हणायचा, "माया काय गुयाची भेली हाये, एकीनं खाल्ली तं सरली?" बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार? तुमचा तर धंदाच तो. पण तुमच्या बोलण्यात त्या आरशासमोरच्या बाईला एकही वाक्य नव्हतं. मी वाट पाहिली. तुम्ही घोड्याचंसुद्धा बोलायचा हो.

हे मी रागानं लिहीत नाही. राग होता, तो तुमची पितळी वाजायची थांबली तेव्हाच गेला. घरात आवाज नाही, याची सवय तुम्ही जिवंतपणीच लावून ठेवली होती. पितळी वाजत नाही, याची मात्र लागत नाही. चुलीपाशी असले की कान तिकडं. मांजरानं भांडं पाडलं तरी मी "आले" म्हणून उठते. घर भरलेलं आहे, उद्या जेवणावळ आहे, ओसरीवर घोंगड्या कमी पडल्या आहेत, आणि मला बोलायला माणूस नाही. परवापासून सगळे आपापल्या गावी जातील. मग मी आणि भिंती.

आणि म्हणूनच तो टाक मला सोडवत नाही. हसा. जिनं भूत गेलं म्हणून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, तीच आता पदराखाली मूठ आवळून बसली आहे. मंगळसूत्र तोडलं त्या दिवशी टाक घरंगळत चुलीच्या जोत्याशी गेला. बाया रडत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. मी तो उचलला आणि काळ्या दोऱ्यात बांधून घेतला. या घरात आता तुम्हाला ओळखणारं दुसरं कोण आहे? कडी काढायच्या आधी तुम्ही खोकायचा, हे तिला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. तिसऱ्या कुणाला नाही. इतकी वर्षं आम्ही दोघी एका गळ्यात राहिलो, आणि तुमच्यावर जीव लावण्याचं काम दोघींनी केलं. मी लावला हो जीव. फार लावला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण तुम्ही ते ओळखलं असेल असं मी धरून चालले.

एक अडचण मात्र आहे. रोज सकाळी तिला कुंकू लावायची मी. ती सवाष्ण गेली, तिचं कुंकू कुणी पुसू शकत नाही. माझं पुसलं. आणि पुसलेल्या बाईनं करंड्याला हात लावू नये म्हणतात. मग तिला लावायचं कुणी? तुम्ही गेलात तेव्हापासून तिचं कपाळ कोरं आहे. रात्रंदिवस माझ्या गळ्याशी ती आणि मी सारख्याच दिसतो.

इथवर लिहिलं आणि द्वारकाबाई उठून आल्या. पुढचं आता लिहिते.

त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "टाक आताच काहाडून दे. सकायी गडबड होते, राहून जाईन."

मी म्हटलं, "बाई, ते कौतिका नाई म्हनले."

"मंग काय म्हनला तो?"

मी पायाशी होते. मला काही दिसलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही मला एकदा सांगितलं होतं, पडद्यावर ओठ हलले की लोक सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघतात, त्यांना ताटकळत ठेवू नये. तुम्ही पाटीवर नसलेलं सांगितलंत तेव्हा ते खोटं नव्हतं. मग माझं का असेल?

"जेवली काय, म्हनले," मी म्हटलं.

द्वारकाबाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. ते वाक्य कुणाचं, त्यांना ठाऊकच होतं. कौतिका त्यांची लाडकी भावजय. मग त्यांनी हळूच विचारलं, "कोनाले?"

"दोघींले."

द्वारकाबाई उठल्या. स्वतः विधवा बाई, कितीतरी वर्षं कुंकवापासून चार हात लांब राहिलेली. देवळीकडं गेल्या, करंडा घेऊन आल्या, आणि माझ्यासमोर ठेवून भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी टाक बाहेर काढला आणि तिला कुंकू लावलं. माझं बोट लाल झालं, ते मी पदराला पुसलं नाही.

भिंतीकडं बघतच द्वारकाबाई म्हणाल्या, "अन तू? तू जेवली काय वं?"

या घरात मला हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. मी नाही म्हटलं. मग रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, आईसारखी. त्यांनी ताट वाढून आणलं, भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा, आणि समोर बसून राहिल्या.

त्या खेळातल्या माणसानं खिडकीतल्या बाईला काय उत्तर दिलं, ते मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, त्याच्या तोंडून शब्दच फुटला नाही, म्हणून ती अजून खिडकीत उभी आहे. तुम्हाला असं उभं राहायला लागू नये. घसा बसलाय, आवाज जेमतेम निघतोय, तरी मोठ्यानं सांगते. अर्धी भाकरी उरली, पण जेवले जी. जेवले मी.